गोष्टीचा शेवट

गोष्ट ऐकताना 'मग पुढे काय झाले?' असे ज्याने कधीच विचारले नाही, असे मूल मी अद्याप पाहिलेले नाही. आजी भाजी निवडत असो, की वडील पाळीवरून थकून आलेले असोत, गोष्ट अर्धी राहिली की मूल त्यांना सोडीत नाही. राजपुत्र सात समुद्र ओलांडून गेला, राक्षसाचा प्राण पोपटात आहे हे त्याला कळले, आणि एवढ्यात 'उरलेली उद्या' हे शब्द कानी पडले, तर त्या रात्री झोप कशी लागावी? लहानपणी ही तळमळ सर्वांना गोड वाटते. पण तेच मूल थोडे मोठे होते, पुस्तके वाचू लागते, आणि 'या पुस्तकाचा शेवटचा भाग केव्हा येणार?' असे घरादाराला विचारू लागते. मग मात्र तीच तळमळ वडीलधाऱ्यांना खुळेपणाची वाटते. हा न्याय मला काही पटत नाही.

अद्भुत कथांच्या लांबलचक मालिका वाचणाऱ्यांवर मोठा आक्षेप असा, की ज्या जगात हे सारे घडते ते जगच मुळी खोटे. तेथील राजे खोटे, चेटके खोटे, तलवारी खोट्या. मग त्यांचे शेवटी काय झाले याची एवढी चिंता कशासाठी? आक्षेप दिसायला बिनतोड आहे. परंतु जो माणूस आपल्याबरोबर पाच-सात वर्षे राहतो, तो कागदावरचा असला तरी खोटा उरत नाही. तो अंधाऱ्या बोगद्यात शिरला तेव्हा आपणही पांघरूण गळ्यापर्यंत ओढलेले असते. त्याचा मित्र त्याला सोडून गेला तेव्हा आपल्याला जेवण गोड लागलेले नसते. अशा सोबत्याचे शेवटी काय झाले हे विचारायचे नाही, तर मग विचारायचे तरी काय?

शिवाय ही ओढ आजची नाही आणि परकीही नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील ज्या सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, त्यांचा सारा डोलारा अपुऱ्या गोष्टीवरच उभा आहे. वजिराची चतुर कन्या रोज रात्री गोष्ट अशा वळणावर थांबवते, की बादशहाला तिचा शिरच्छेद उद्यावर ढकलावा लागतो. 'पुढे काय झाले?' या एका प्रश्नाने तेथे एक जीव हजार रात्री तगवला! पुढे हरिभाऊ आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने छापल्या. शिवकाळावरची 'उषःकाल' ही कादंबरी १८९५ ते १८९७ या काळात अशीच हप्त्याहप्त्याने वाचकांच्या हाती पडत गेली. आज ती एकत्र बांधलेली मिळते. तेव्हाच्या वाचकाला मात्र किल्ल्याच्या दारापर्यंत पोचून पुढल्या अंकाची वाट पाहत तेथेच उभे राहावे लागे.

इंग्लंडात चार्ल्स डिकन्स याची 'दि ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' ही कादंबरी १८४० आणि १८४१ या वर्षांत अशीच तुकड्यातुकड्यांनी निघाली. तिच्यात नेल नावाची एक लहान मुलगी आहे. शेवटचे हप्ते घेऊन येणारे जहाज अमेरिकेच्या बंदराला लागण्यापूर्वीच धक्क्यावरचे लोक खलाशांना ओरडून विचारीत, 'नेल जिवंत आहे ना?' अशी एक आख्यायिका सांगतात. ती अक्षरशः खरी असेलच असे नाही. पण अशी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या लोकांना खरी वाटावी, यातच सारे आले. नेलचे पुढे काय झाले ते मी येथे सांगणार नाही. का सांगणार नाही, ते पुढे येईलच.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या महाकथेच्या पहिल्या वाचकांचे हाल तर याहून मोठे. ती कथा तीन भागांत निघाली. पहिले दोन भाग १९५४ साली आले. दुसरा भाग नायकाला अशा संकटात टाकून संपतो, की वाचकाने पुस्तक मिटताच प्रकाशकाच्या दाराशी जाऊन बसावे. तिसरा भाग आला तो ऑक्टोबर १९५५ मध्ये, म्हणजे तब्बल अकरा महिन्यांनी. उशिराचे कारण मोठे मौजेचे होते. लेखकाला आपल्या काल्पनिक जगाच्या वंशावळी, लिप्या आणि कालगणना यांची परिशिष्टे मनाजोगी पुरी करावयाची होती! वाचक शेवटासाठी तळमळत होते आणि लेखक तेथील राजांची वर्षे जुळवीत बसला होता. मला या दोघांचेही कौतुक वाटते. वाट पाहायला लावण्याचा अधिकार त्यालाच, जो इतके कष्ट घेतो.

आता आमच्याकडची हकीकत सांगतो.

माझे बालपण बोईसरला गेले. एकीकडे तारापूरचे अणुवीज केंद्र, जे १९६९ सालापासून वीज देत आहे, आणि दुसरीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत. या दोहोंमुळे आमच्या गावात नाना प्रांतांची माणसे येऊन राहिली होती. आमच्या चाळीत एका दाराआड मराठी, दुसऱ्याआड गुजराती, तिसऱ्याआड तेलुगू, तर चौथ्याआड भोजपुरी बोलली जाई. डब्यातली भाजी वेगळी, सणवार वेगळे, आजोळची गावे तर नकाशावर शोधावी लागत. पण आम्हा मुलांना बांधणारी एक गोष्ट सर्वांना ठाऊक होती. ती होती हॅरी पॉटरची. जे. के. रोलिंग या लेखिकेचे त्या मालिकेतील पहिले पुस्तक १९९७ साली इंग्लंडात निघाले. त्याच्या मराठी अनुवादाला 'हॅरी पॉटर आणि परीस' असे नाव मिळाले. लोखंडाचे सोने करणारा परीस आपल्या आजीच्या गोष्टींतही असतोच. त्यामुळे ते परदेशी पुस्तक आम्हाला पहिल्याच दिवशी निम्मे घरचे वाटले.

सातवा आणि शेवटचा भाग इंग्रजीत २१ जुलै २००७ रोजी निघाला. इंग्लंडात मध्यरात्र झाली, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते. तो शनिवार होता. मुंबईत त्या पहाटे पुस्तकांच्या दुकानांपुढे मुलांच्या आणि त्यांना घेऊन आलेल्या पालकांच्या रांगा लागल्या. ठरलेल्या घटकेपूर्वी खोकी उघडायची नाहीत असा जगभरच्या दुकानदारांना दंडक होता. तरीही न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने दोन दिवस आधीच पुस्तकाचे परीक्षण छापले आणि लेखिकेने त्याबद्दल उघड नाराजी दाखवली. पहिल्या चोवीस तासांत ब्रिटनमध्ये साडेसव्वीस लाख आणि अमेरिकेत त्र्याऐंशी लाख प्रती खपल्या. यात व्यापाऱ्यांनी उठवलेला गलका पुष्कळ होता, हे मी नाकारीत नाही. टोप्या, झगे, छड्या, खेळणी यांचा बाजार मांडला गेला आणि ज्यांनी एकही भाग वाचला नव्हता त्यांनीही रांगेत उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. परंतु लग्नात वाजंत्री फार वाजली, म्हणून लग्न खोटे ठरत नाही.

मुंबई आमच्यापासून सुमारे शंभर किलोमीटर. त्या काळी उपनगरी गाडी विरारच्या पुढे येत नसे. ती डहाणू रोडपर्यंत धावू लागायला २०१३ साल उजाडले, आणि पालघर स्वतंत्र जिल्हा व्हायला २०१४. त्यामुळे मुंबईतील मुलांनी पुस्तक वाचून मिटले, तरी आमच्या वसाहतीतील छोट्या वाचनालयात त्याची प्रत आलेली नव्हती. ती आली ऑगस्टमध्ये, आणि एकच आली. वाचनालयाच्या बाईंनी एका वहीत नावे लिहून घेतली. चार दिवसांत पुस्तक परत करायचे, असा नियम ठरला. माझा क्रमांक तिसरा लागला. माझ्या एका जिवलग मित्राचा नववा.

हा मित्र आणि मी बोईसरहून पालघरच्या शाळेत एकाच गाडीने जात असू. त्याचे वडील वसाहतीतील एका कारखान्यात कामाला होते आणि मामाचे गाव मोखाड्याकडे होते. आधीचे सहाही भाग त्याने इंग्रजीतच वाचले होते, तेही शब्दकोश मांडीवर घेऊन. अडलेला शब्द तो वहीत उतरून काढी. त्याची ती वही मी पाहिली होती. तिच्यात हजारावर शब्द असतील. मला जे वाक्य एका दमात कळे, त्याला तो पाच मिनिटे देई. म्हणून तो मागे राही, आणि म्हणूनच, हे मला फार उशिरा उमगले, तो ते जग माझ्यापेक्षा अधिक जवळून पाही.

माझी पाळी आली. सहाशे पाने मी तीन रात्रींत पुरी केली. खरे सांगायचे तर मी ते पुस्तक वाचले नाही. मी ते संपवले. शेवट काय होतो हे वर्गात सर्वांआधी मला कळावे, एवढीच माझी धडपड होती. आणि एकदा कळल्यावर ते पोटात ठेवणे मला जड जाऊ लागले. लाचलुचपतीचा पैसा जसा खिशात स्वस्थ बसत नाही, तसा उतावळेपणाने मिळवलेला शेवटही ओठाआड स्वस्थ बसत नसावा.

एका संध्याकाळी पालघरच्या फलाटावर आम्ही गाडीची वाट पाहत होतो. पाऊस कोसळत होता आणि गाडी खोळंबली होती. मित्र आपल्या आवडत्या पात्राविषयी बोलत होता. शेवटी ते कसे वागेल, याबद्दल त्याने स्वतःशी काही अंदाज बांधले होते आणि ते तो मला मोठ्या उत्साहाने सांगत होता. मी हसलो. मला सारे ठाऊक आहे, हे त्याला दिसावे, एवढ्यासाठी हसलो. तो म्हणाला, "सांगू नकोस हं." आणि मी सांगितले. अवघे चार-पाच शब्द. त्या पात्राचे नाव, आणि त्याचे काय झाले ते.

तो रागावला असता, तर मला बरे वाटले असते. तो काहीच बोलला नाही. गाडी आली, आम्ही चढलो, उमरोळी गेले, बोईसर आले. तोवर तो खिडकीच्या गजांतून बाहेर पाहत होता. पुढे सप्टेंबरात त्याची पाळी आली तेव्हा बाईंनी वहीतले नाव वाचले. "पुढच्याला द्या," असे म्हणून त्याने आपल्या हाताने नावावर रेघ मारली.

मी त्याला पुष्कळ समजावले. "अरे, एवढी सहाशे पाने आहेत. त्यांतले एक वाक्य मी सांगितले, तर बाकीच्या पुस्तकाचे काय बिघडले?" त्यावर त्याने दिलेले उत्तर मला आजही जसेच्या तसे आठवते. तो म्हणाला, "मला तिथपर्यंत चालत जायचं होतं रे."

शेवट फोडणे हा गुन्हा कोणत्याही कायद्यात सांगितलेला नाही. परीक्षेची प्रश्नपत्रिका फोडणाऱ्याला शिक्षा होते. गोष्ट फोडणारा मात्र हसत हिंडतो. पण दुसऱ्याने चार वर्षे जपलेली उत्सुकता आपण एका क्षणात संपवतो, आणि ती त्याला कोणीही परत देऊ शकत नाही, आपणही नाही. रुपया चोरला तर फेडता येतो. म्हणून नेलविषयी मी मघाशी गप्प बसलो, आणि रोलिंगबाईंच्या सातव्या भागाविषयीही गप्प बसणार आहे. तुमच्यापैकी कोणी तो अजून वाचायचा असेल.

येथे कोणी चाणाक्ष विद्यार्थी मला अडवील. तो म्हणेल, 'रामायणाचा शेवट सर्वांना ठाऊक आहे. तरी लोक ते ऐकतातच ना? मग शेवट कळल्याने गोष्ट नासते कशी?' शंका रास्त आहे. मलाही ती पडली होती, आणि तिचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते मोखाड्याकडे सापडले.

पुढल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मित्राने मला आपल्या मामाच्या गावी बोहाडा पाहायला बोलावले. तो मला बोलावील असे मला वाटले नव्हते. मनोर, विक्रमगड, जव्हार करीत एस.टी. घाट चढत गेली आणि बोईसरच्या धुराड्यांची आठवणही मागे राहिली. जव्हार-मोखाड्याच्या या डोंगराळ भागात फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गावोगावी बोहाडा होतो; कोठे त्याला भोवाडाही म्हणतात. देव, दानव आणि पुराणांतील वीर यांची सोंगे, म्हणजे मोठमोठे रंगवलेले मुखवटे, घालून माणसे रात्रभर नाचतात. कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हे बहुधा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. आधी गणपती येतो, सरस्वती येते, मग एकामागून एक इतर सोंगे. प्रत्येकाची चाल निराळी, आणि संबळ वाजवणारा तिच्याप्रमाणे आपला ताल बदलतो. असे काही रात्री चालते. शेवटच्या रात्रीला मोठा बोहाडा म्हणतात, आणि त्या रात्रीच्या अखेरीस, पहाटे, देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते.

आम्ही गेलो तो हाच मोठा बोहाडा होता. सारे गाव, आणि आसपासच्या पाड्यांतून चालत आलेली माणसे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बसली होती. मशालींच्या उजेडात रावण आला, तेव्हा ते जड सोंग सावरायला माणसे त्याच्या दोन्ही अंगांनी चालत होती, आणि पुढे बसलेली लहान मुले किंचाळत आईच्या कुशीत शिरत होती. मध्यरात्र उलटली. मी मित्राच्या मामांना विचारले, "मामा, शेवटी महिषासुर मरणार हे इथे सर्वांना माहीत आहे. मग तुम्ही रात्रभर जागता कशासाठी?"

मामा हसले. "माहीत आहे म्हणूनच जागतो," ते म्हणाले. "माहीत नसतं, तर दहालाच झोपलो असतो."

तेव्हा मला थोडा उलगडा झाला. बोहाड्यातील शेवट कोणी कोणाला सांगत नाही; सारे मिळून त्याच्यापर्यंत जातात. गणपतीपासून निघायचे, एकेका सोंगाबरोबर रात्र ओलांडायची, आणि पहाटे सर्वांनी एकदम तेथे पोचायचे. शेवट आधी ठाऊक असला तरी त्या वाटेतले एक पाऊलही कोणी कमी करीत नाही. माझ्या मित्राच्या पुस्तकाचे तसे झाले नव्हते. तो अजून वाटेत होता, शब्दकोश घेऊन एकेक पाऊल टाकीत होता. आणि मी शेवट उचलून त्याच्या अंगावर फेकला होता. २००७ च्या त्या पहाटे मुंबईच्या दुकानांपुढे उभी असलेली मुले मला आता निराळी दिसू लागली. त्यांना शेवट ऐकायचाच असता, तर कोणीही तो एका वाक्यात सांगू शकला असता. त्यांना शेवटापर्यंत जायचे होते, आणि एकट्याने नव्हे, तर जगभरच्या आपल्यासारख्यांबरोबर, त्याच दिवशी. असा उत्साह ज्याला खुळेपणा वाटतो, त्याने एकदा मोठा बोहाडा जागवून पाहावा.

हे सारे मी मित्राला सांगणार होतो. वाक्येही मनात जुळवून ठेवली होती. पण दिवसभराचा प्रवास अंगात भिनला होता. उत्तररात्रीचा गार वारा सुटला, आणि भिंतीला टेकल्या टेकल्या माझा डोळा केव्हा लागला ते मला कळलेही नाही. संबळाचा आवाज दूर दूर गेला. माझी फेड करण्याची संधी मित्राला आयती चालून आली होती. त्याला काहीच करावे लागणार नव्हते, फक्त मला झोपू द्यायचे होते.

कोणीतरी माझा खांदा हलवीत होते. डोळे उघडले तो पूर्वेकडे फटफटू लागले होते, मशालींचा रंग फिका पडला होता, आणि सारी माणसे उठून उभी राहिली होती.

"ऊठ, ऊठ लवकर," मित्र म्हणत होता. "देवी निघाली."